आईचा १८ मिमीचा अ‍ॅन्युरिझम: कॉइल, स्टेंट की फ्लो डायव्हर्टर, आम्ही कसं ठरवलं

आईच्या मेंदूतल्या अ‍ॅन्युरिझमची, म्हणजे धमनीला आलेल्या फुग्याची, ट्रीटमेंट होऊन आता वर्ष उलटून गेलंय आणि अजूनही नात्यातले, ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे फोन करून विचारतात की तुम्ही काय केलंत, कॉइलिंग की ते नवीन जाळीवालं, आणि का. फोनवर प्रत्येकाला अर्धवट सांगून समाधान होत नाही म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, ज्युनिअर कॉलेजला स्टॅटिस्टिक्स शिकवते. तेव्हा हे वाचून कुणी आपली ट्रीटमेंट ठरवू नका, पण डॉक्टरांसमोर बसताना काय विचारायचं ते कळलं तरी खूप आहे, कारण आम्हाला पहिल्या भेटीत काय विचारायचं हेच सुचत नव्हतं.

आई ६१ वर्षांची, कराडला बाबा आणि धाकट्या भावाबरोबर राहते, मी पुण्यात. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू, बाकी तब्येत चांगली. सुरुवात झाली ती डावीकडे बघताना एकाचे दोन दिसण्यापासून. रस्ता ओलांडताना डावीकडून दोन मोटारसायकली येताना दिसायच्या आणि असायची एकच. मग डाव्या डोळ्याच्या मागे ठणका सुरू झाला, मग डावी पापणी खाली यायला लागली. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून चष्मा झाला, शुगर तपासून झाली कारण शुगरमध्येही डोळा फिरवणारी नस दुखावते म्हणे, शुगर नॉर्मल निघाली. शेवटी साताऱ्याच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी टॉर्च मारून, बोट इकडे तिकडे फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, हे डोळ्याचं नाही, डोळ्याच्या मागच्या नसांचं आहे, उद्यावर टाकू नका, मेंदूचा एमआरआय आणि एमआर अँजिओ करून घ्या. त्या बाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही.

रिपोर्टमध्ये आलं की डाव्या इंटर्नल कॅरोटिड धमनीवर १८ मिमीचा अ‍ॅन्युरिझम आहे. गळ्यातून वर जाणारी कॅरोटिड धमनी कवटीच्या तळाशी, डोळ्याच्या मागे एका शिरांच्या पोकळीतून जाते, तिला कॅव्हर्नस सायनस म्हणतात, आणि त्याच पोकळीतून डोळा हलवणाऱ्या तिन्ही नसा जातात. धमनीची भिंत कमजोर होऊन तिथे फुगा आला आणि तो त्या नसांवर दाबत होता, म्हणून डबल दिसणं आणि पापणी. १० मिमीच्या आतला छोटा, १० ते २५ मोठा, २५ च्या वर जायंट, असं साधारण मोजतात, म्हणजे आईचा मोठ्यात. शिवाय त्याची मान, म्हणजे फुगा धमनीला जिथे जोडलेला असतो ती जागा, ७ मिमी रुंद. ४ मिमी किंवा त्याहून मोठी मान असली की तिला वाइड नेक म्हणतात, आणि पुढचं सगळं या दोन आकड्यांवर फिरतं, १८ आणि ७. तुमच्या रिपोर्टमध्ये फक्त साइज असेल तर मान किती आहे ते आधी विचारा.

आता हा फुटण्याची भीती किती. घरात तर रिपोर्ट आल्यापासून सगळे कुजबुजत बोलायला लागले होते, जणू जोरात बोललं तर काही होईल. मी रात्री बसून शोधलं. न फुटलेल्या अ‍ॅन्युरिझमवर इसुइया नावाचा मोठा अभ्यास २००३ मध्ये आला होता, त्यात मेंदूच्या पुढच्या भागातल्या धमन्यांवरच्या १३ ते २४ मिमीच्या अ‍ॅन्युरिझमसाठी ५ वर्षांत फुटण्याचं प्रमाण १४.५ टक्के आणि २५ च्या वर ४० टक्के दिलंय. पण तोच आकार कॅव्हर्नस भागात असेल तर ३ टक्के, कारण तिथे मेंदूचं जाड आवरण बाहेरून असतं, फुटला तरी रक्त सहसा मेंदूभोवती पसरत नाही, आजूबाजूच्या शिरांमध्ये जातं. हा फरक केवढा मोठा आहे बघा, आकार तोच, जागा थोडी इकडे तिकडे. आणि आईचा होता नेमका सीमेवर, बराचसा कॅव्हर्नस भागात पण वरचा कोपरा त्या आवरणाच्या वर आत शिरलेला. तेव्हा डॉक्टर म्हणाले की तुमचा आकडा ३ आणि १४.५ च्या मध्ये कुठेतरी धरा, नेमका कुणीच सांगू शकणार नाही, पण डोळ्याची नस दाबली जातेय म्हणजे तो गप्प बसलेला नाही, वाढतोय. ते ऐकून मला उलट जरा धीर आला, कारण आज रात्री काही होईल असं नाही, विचार करायला थोडा वेळ आहे, पण सोडून देण्यासारखंही नाही हे स्पष्ट झालं.

मग पुण्यात डीएसए झाली, म्हणजे जांघेतून नळी घालून, डाय सोडून काढलेली अँजिओग्राफी. एमआरआयमध्ये दिसतं त्यापेक्षा यात फुग्याचा आकार, मान, आजूबाजूच्या फांद्या, आणि उजव्या बाजूचं रक्त डावीकडे किती पोचतं हे सगळं थ्रीडीत दिसतं. मेंदूच्या धमन्या अशा बघण्याची सुरुवात पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये केली हे मला नंतर वाचनात आलं, जवळपास शंभर वर्षं जुनी गोष्ट आहे. आई टेबलावर जागीच होती, डाय सोडला की डोक्यात गरम गरम वाटतं एवढंच म्हणाली. काही जण ही तपासणी टाळायला बघतात, रिस्क आहे म्हणून, थोडी आहेच, पण मोठ्या अ‍ॅन्युरिझमला डीएसएशिवाय कुणी पर्याय ठरवायला लागलं तर मी तरी तयार होणार नाही.

पहिलं ओपिनियन पुण्यातल्या न्यूरो-इंटरव्हेन्शनवाल्या, म्हणजे डोकं न उघडता धमनीतून नळी नेऊन ट्रीटमेंट करणाऱ्या डॉक्टरांचं. त्यांनी फोटो स्क्रीनवर फिरवून दाखवले आणि सरळ फ्लो डायव्हर्टर, म्हणजे ते नवीन जाळीवालं, सांगितलं. दुसरं मुंबईला परळला घेतलं, तिथले सर वयाने मोठे, त्यांनी तीन पर्याय मांडले, आणि तिसरे एक न्यूरोसर्जन ज्यांनी ओपन सर्जरीचं सांगितलं. मी सगळ्यांचं जसं समजलं तसं लिहिते.

कॉइलिंग म्हणजे प्लॅटिनमच्या अगदी बारीक तारेची वेटोळी फुग्यात भरायची, आत रक्त गोठतं आणि फुगा बंद होतो. ही सुटणारी कॉइल लॉस एंजेलिसला गुल्येल्मी नावाच्या इटालियन डॉक्टरांनी आणली, पहिला पेशंट १९९० चा, अमेरिकेत परवानगी १९९५ ला. छोट्या, अरुंद मानेच्या अ‍ॅन्युरिझमला ही उत्तम. पण मान ७ मिमी असली तर नुसत्या कॉइल धमनीतच घसरून येतील, म्हणून मग मानेसमोर तात्पुरता बलून फुगवून कॉइल भरतात किंवा धमनीत स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, ठेवून त्याच्या आडोशाने भरतात. आईसाठी बलून पुरेसा नाही, केलंच तर स्टेंट-कॉइलिंग, असं परळचे सर म्हणाले. आणि मग त्यांनीच न विचारता त्यातली अडचण सांगितली, ज्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. मोठ्या फुग्यात कितीही कॉइल भरल्या तरी निम्म्याहून जास्त जागा रक्तानेच भरलेली राहते, वर्षभरात त्या कॉइल रक्ताच्या दाबाने दबत जातात, मानेपाशी पुन्हा पोकळी होते आणि पुन्हा भरायची वेळ येते. दुसरं म्हणजे कॉइलचा गोळा तिथेच राहणार, म्हणजे नसेवरचा दाब लगेच हलका होईल याची खात्री नाही.

फ्लो डायव्हर्टर हा पण एक प्रकारचा स्टेंटच, पण खूप दाट विणलेला. त्यातल्या पाइपलाइन नावाच्या डिव्हाइसमध्ये ४८ बारीक तारा असतात, कोबाल्ट-क्रोमियमच्या आणि प्लॅटिनमच्या. याच्यात फुग्याच्या आत जायचंच नाही, फुग्याच्या मानेवरून धमनीतच ही जाळीची नळी बसवायची. बाबांना हे पटेना, आत काही भरलंच नाही तर बंद कसा होणार. तेव्हा डॉक्टरांनी त्यांना विचारलं, काका, तुम्ही कराडचे ना, कृष्णेच्या वळणावर डोह असतो, त्याच्या तोंडाशी आडवी जाळी टाकून मूळ प्रवाह सरळ पुढे काढला तर डोहातलं पाणी संथ होतं, गाळ बसत जातो आणि काही पावसाळ्यांनी तिथे काठ तयार होतो. बाबांना एका क्षणात समजलं. फुग्यातलं रक्त संथ झालं की ते आपोआप गोठत जातं, जाळीवर धमनीचं आतलं अस्तर वाढत येतं आणि सहा महिने ते वर्षात फुगा धमनीपासून वेगळा पडतो. मग शरीर ती गुठळी हळूहळू शोषून घेतं आणि फुगा आकसतो. नसेवरचा दाब कमी व्हायला हाच मार्ग जास्त कामाचा.

याची किंमत म्हणजे गोळ्या. धातूची एवढी दाट जाळी रक्तात असते तोवर तिच्यावर गुठळी धरून स्ट्रोक येऊ शकतो म्हणून रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या निदान सहा महिने. आणि फुगा त्याच दिवशी बंद होत नाही, मधल्या काळात क्वचित तो फुटतोही, मोठ्या आणि जायंटमध्ये ही भीती जास्त, म्हणून बरेच डॉक्टर मोठ्या फुग्यात थोड्या कॉइलही सोडतात. पुण्याच्या डॉक्टरांनी हेच सुचवलं, फ्लो डायव्हर्टर आणि आत सैलसर काही कॉइल. एक बारकावा इथे सांगते: जाळी एकदा उघडली की तिच्या भोकांतून कॉइलची नळी परत आत घालता येत नाही, त्यामुळे कॉइल टाकायच्या असतील तर ती नळी आधीच फुग्यात नेऊन ठेवावी लागते. म्हणजे कॉइल हव्या की नको हे आधी ठरलेलं हवं. हा प्रश्न मी विचारला तेव्हा डॉक्टर खुश झाले की घरचे एवढं वाचून आलेत.

परळच्या सरांचा तिसरा पर्याय ऐकून आम्ही सगळे हादरलो होतो: ती कॅरोटिडच बंद करून टाकायची. हा सगळ्यात जुना मार्ग, सत्तरच्या दशकात मॉस्कोचे सर्बिनेंको सुटणारे बलून धमनीत सोडून असं करायचे. त्याआधी टेस्ट करतात, पेशंट जागा असताना धमनीत बलून फुगवून रक्त अडवायचं आणि २०-३० मिनिटं बोलायला लावायचं, हात उचलायला लावायचे, आकडे मोजायला लावायचे, काही बिघडलं नाही म्हणजे उजव्या बाजूचं रक्त डावीकडे पुरतंय. टेस्ट पास झाली तरी काही जणांना नंतर स्ट्रोक येतो, आणि सगळा भार उरलेल्या धमन्यांवर आल्यामुळे काही वर्षांनी तिकडे नवीन अ‍ॅन्युरिझम येऊ शकतो. फायदा एवढाच की स्वस्त, दोन-दोन गोळ्यांचं झंझट कमी, आणि फुगा खात्रीने बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ज्यांना अजिबात चालत नाहीत, किंवा महागडं डिव्हाइस कुठूनच जमत नाही, त्यांच्यासाठी हा आजही खरा पर्याय आहे, सर ठामपणे म्हणाले की याला जुनाट म्हणून हिणवू नका. न्यूरोसर्जन ओपन करून बायपास आणि मग धमनी बंद असं म्हणत होते, पण त्यांनीच सांगितलं की कॅव्हर्नस भागात चाकू घेऊन जाण्यापेक्षा तारेने होत असेल तर तेच करा. वेब नावाचं एक फुग्यात बसवायचं डिव्हाइसही आम्ही कुठेतरी ऐकलं होतं, ते धमनी जिथे दुभागते तिथल्या आणि याहून बऱ्याच लहान फुग्यांसाठी असतं, आईला लागू नव्हतं.

आता आकडे. हा भाग मला सगळ्यात जवळचा, तेव्हा जरा सविस्तर. इंटरनेटवर कॉइलिंग चांगलं हे सांगायला सगळीकडे इसॅट ट्रायल देतात. २००२ ला आलेली, २१४३ पेशंट, कॉइलिंग केलेल्यांत वर्षभराने मृत्यू किंवा परावलंबी होण्याचं प्रमाण २३.७ टक्के आणि डोकं उघडून क्लिप लावलेल्यांत ३०.६ टक्के. आकडे भक्कम आहेत, पण ते फुटलेल्या अ‍ॅन्युरिझमचे आहेत आणि त्यातले बहुतेक छोटे. आईचा न फुटलेला आणि मोठा. त्या ट्रायलच्या जिवावर आईचं ठरवणं म्हणजे दुसऱ्याच वर्गाच्या निकालावरून आपल्या वर्गाची सरासरी काढणं.

फ्लो डायव्हर्टरसाठी पफ्स नावाचा अभ्यास आहे, तो मात्र नेमका कॅरोटिडच्या मोठ्या आणि जायंट, रुंद मानेच्या अ‍ॅन्युरिझमवरचाच. १०८ पेशंट, फुग्यांचा सरासरी आकार १८ मिमीच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आईचाच. सहा महिन्यांनी ७३.६ टक्क्यांत फुगा पूर्ण बंद, वर्षाने ८६.८, पाच वर्षांनी ९५.२ टक्के. याच्याच जोरावर अमेरिकेत २०११ ला परवानगी मिळाली. मोठा स्ट्रोक किंवा त्यामुळे मृत्यू ५.६ टक्के. हा आकडा मी आईबाबांपासून लपवला नाही, मोठ्याने वाचून दाखवला. आणि ही गोष्ट पण सांगितली की या अभ्यासात तुलनेला दुसरा गटच नव्हता, सगळ्यांना एकच डिव्हाइस, त्यामुळे कॉइलिंगपेक्षा किती चांगलं हे त्यातून थेट निघत नाही.

थेट तुलना मला चीनच्या पॅरॅट ट्रायलमध्ये सापडली, २०१८ ची. मोठे आणि जायंट अ‍ॅन्युरिझम, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडलेले, एकाला ट्युब्रिज नावाचा तिकडचा फ्लो डायव्हर्टर, दुसऱ्याला स्टेंट-कॉइलिंग. सहा महिन्यांनी पूर्ण बंद होण्याचं प्रमाण पहिल्यात ७५ टक्क्यांच्या थोडं वर, दुसऱ्यात २५ टक्क्यांच्या थोडं खाली. तिप्पट फरक. कॉम्प्लिकेशनमध्ये मात्र ठोस म्हणावा असा फरक निघाला नाही. आणि दुसऱ्या बाजूचंही वाचलंच पाहिजे म्हणून, कॅनडातल्या डॉक्टरांनी सुरू केलेली फियाट ट्रायल मध्येच थांबवावी लागली होती कारण फ्लो डायव्हर्टर लावलेल्यांत मृत्यू आणि अपंगत्व अपेक्षेपेक्षा जास्त दिसलं. त्यात अवघड, वेगवेगळ्या जागांचे पेशंट होते हे खरं, पण हे वाचल्यावर कुणीही या डिव्हाइसला जादूची कांडी म्हणू नये. मी हे परळच्या सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, कॅरोटिडच्या सरळ भागात आणि मेंदूच्या मागच्या बाजूला बेसिलर धमनीवर, दोन्हीकडे डिव्हाइस तेच असलं तरी रिस्क अजिबात तीच नाही, मागच्या धमनीतून मेंदूच्या देठाला जाणाऱ्या बारीक फांद्या निघतात आणि जाळीने त्या झाकल्या तर फार वाईट होतं. तेव्हा अमक्याला फ्लो डायव्हर्टर लावला आणि असं झालं असं कुणी सांगितलं तर आधी त्याचा कुठे होता ते विचारा, नाहीतर तुलनेला काहीच अर्थ नाही.

या सगळ्यात निर्णय कुणी घेतला, तर आईने. आम्ही सगळे टक्केवारीत अडकलेलो असताना तिने पुण्याच्या डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारल्या. अहो डॉक्टर, माझा डोळा उघडेल का, आणि परत परत ही नळी घालायला लागेल का. डॉक्टर म्हणाले, मावशी, डोळ्याची गॅरंटी मी देणार नाही, पण फुगा आकसण्याची शक्यता याच्यात जास्त, आणि तपासणीसाठी नळी एक-दोनदा घालावी लागेल पण पुन्हा ट्रीटमेंट करायची वेळ यायची शक्यता कॉइलपेक्षा बरीच कमी. आई म्हणाली, मग गोळ्या मी घेईन, गोळ्यांचं माझ्यावर सोडा. झालं, ठरलं. मला वाटतं बाकीच्यांनीही हेच करावं, पेशंटला नेमकं काय हवंय ते आधी विचारावं, कारण बंद होण्याची टक्केवारी डॉक्टर मोजतात, पण आईला मोजायचं होतं ते वेगळंच होतं.

पैशाचं बोलायलाच हवं. एकट्या फ्लो डायव्हर्टरची किंमत काही लाखांत जाते, कॉइल नगावर असतात आणि मोठ्या फुग्यात त्या किती लागतील हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे फक्त कॉइलिंग स्वस्त पडेल हा समज मोठ्या अ‍ॅन्युरिझमला खरा ठरेलच असं नाही. एस्टिमेट मागताना डिव्हाइस वेगळं, कॉइल वेगळ्या, कॅथलॅब वेगळी, आयसीयू वेगळं असं तोडून लिहून मागा. आमच्या मेडिक्लेमवाल्यांनी आधी डिव्हाइस बसत नाही म्हणून फोनवर सांगितलं, लेखी द्या म्हटल्यावर आणि डॉक्टरांचं सविस्तर पत्र जोडल्यावर बराचसा भाग मंजूर झाला, उरलेलं भावाने आणि मी उभं केलं. महात्मा फुले योजनेत बसणाऱ्यांनी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून आधी पॅकेजमध्ये नेमकं काय येतं ते तपासावं, योजनेत हॉस्पिटल असणं आणि हे डिव्हाइस असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रोसिजरच्या आधी काही दिवस अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सुरू केल्या. आणि मग एक रक्ताची टेस्ट झाली जिच्याबद्दल मी आधी कधी ऐकलं नव्हतं, व्हेरिफाय-नाऊ, गोळी खरंच लागू पडतेय का हे बघायची. क्लोपिडोग्रेल लिव्हरमध्ये गेल्यावर चालू होते आणि ते काम करणारं एन्झाइम काही लोकांत जन्मतःच मंद असतं, आपल्या भारतीयांत असे लोक बरेच आहेत. आईचा आकडा २०८ च्या वर आला, म्हणजे गोळी पोटात जात होती पण रक्तावर पुरेसं काम होत नव्हतं. तशीच जाळी बसवली असती तर? त्या विचाराने अजून काटा येतो. डॉक्टरांनी प्रोसिजर पुढे ढकलली, टिकाग्रेलॉर ९० मिग्रॅ दिवसातून दोनदा सुरू केली, पुन्हा टेस्ट केली, आकडा छान खाली आला तेव्हाच तारीख दिली. फ्लो डायव्हर्टर किंवा स्टेंट ठरला असेल तर ही टेस्ट होणार का, एवढा एक प्रश्न तरी नक्की विचारा. टिकाग्रेलॉरने काही जणांना दम लागल्यासारखं वाटतं, आईला पहिले काही आठवडे वाटलं, हार्टचं काही आहे की काय म्हणून सगळे घाबरले, पण ते गोळीचंच होतं आणि कमी झालं.

प्रोसिजर पूर्ण भूल देऊन झाली. जांघेतून मोठी नळी, तिच्यातून आणखी बारीक, तिच्यातून आणखी बारीक अशा करत फुग्यापर्यंत पोचतात. आधी कॉइलची नळी फुग्यात ठेवली, मग जाळी मानेवरून उघडत आणली, मधे कॉइल सोडल्या, शेवटी जाळी धमनीच्या भिंतीला सगळीकडे नीट चिकटली का ते स्कॅन करून बघितलं, कारण कुठे फट राहिली तर तिथून रक्त आत जात राहतं. एका जागी पूर्ण उघडली नव्हती म्हणून आत बलून फुगवून ती बसवली. डोळ्याला रक्त देणारी फांदी तिथूनच निघते, ती जाळीखाली आली पण तिच्यातून रक्त चालू आहे हे बघूनच ते थांबले. बाहेर आम्ही बसलो होतो, त्याबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी असं बसलंय त्यांना माहितीये. भूल उतरल्यावर रेसिडेंट डॉक्टर मुलीने आईला विचारलं, काकू, नाव सांगा, दोन्ही हात वर करा, हसून दाखवा. आईने तिन्ही केलं आणि मग मला विचारलं, बाबा जेवले का.

पुढचे काही दिवस सोपे नव्हते आणि हे आम्हाला आधी सांगितलं होतं म्हणून निभावलं. फुग्यात रक्त गोठायला लागलं की तो आधी थोडा सुजतो, आईचं डोकं जबरदस्त दुखायचं आणि पापणी आधीपेक्षा जास्त खाली आली, जवळजवळ बंदच. स्टेरॉइडचा कोर्स दिला. नातेवाईक म्हणायला लागले की ऑपरेशन फसलं, डोळा गेला. मी प्रत्येकाला समजावत बसले. अचानक, कधी झालं नाही असं डोकं दुखलं, बोलताना जीभ अडखळली, हातपाय लुळा वाटला तर थेट इमर्जन्सी, एवढं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलं होतं, कराडहून कोणत्या हॉस्पिटलला न्यायचं त्या नंबरसकट. गोळ्यांमुळे हातावर काळेनिळे डाग पडायचे, दात घासताना रक्त यायचं, पण एकही डोस चुकला नाही. भावाने मोबाईलवर सकाळ-रात्रीचे अलार्म लावले होते आणि आई अलार्मच्या आधीच गोळी घेऊन बसलेली असायची.

दोन-तीन महिन्यांत पापणी हळूहळू उचलायला लागली. सहा महिन्यांच्या डीएसएत फुगा बहुतेक भरलेला, पण मानेपाशी थोडा भाग अजून रक्ताने भरत होता. मला निराश वाटलं, डॉक्टर म्हणाले पफ्सचे आकडे तुम्हीच मला सांगितले होते ना, सहा महिन्यांनी चारातला एक उघडाच असतो आणि त्यातले बरेच पुढे बंद होतात, थांबा. दोन्ही गोळ्या चालू ठेवल्या. वर्षाच्या तपासणीत पूर्ण बंद. एमआरआयमध्ये फुगाही आकसलेला दिसतो, नसेभोवती आता जागा आहे. टिकाग्रेलॉर बंद झाली, अ‍ॅस्पिरिन ७५ चालू आहे आणि ती बहुतेक कायमच राहील. आईला समोर बघताना आता एकच दिसतं. अगदी डावीकडे, मान न वळवता बघितलं तर अजून दोन दिसतात, ते कदाचित तसंच राहील, नस खूप महिने दबलेली होती. ती मान वळवून बघते आणि भाजी आणायला एकटी जाते.

परवा तिची दाढ काढायची ठरली तेव्हा डेंटिस्टने सांगितलं की रक्त पातळ करणारी गोळी आठ दिवस बंद करून या. आईने तिथल्या तिथे पर्समधून डिव्हाइसचं कार्ड काढून दाखवलं आणि आधी पुण्याच्या डॉक्टरांशी बोला म्हणाली. त्यांनी अ‍ॅस्पिरिन अजिबात बंद करू नका, दाढ तशीच काढता येते असं डेंटिस्टला समजावलं आणि दाढ काढूनही झाली. हे कार्ड डिस्चार्जच्या वेळी मिळतं, त्यावर डिव्हाइसचं नाव, साइज आणि एमआरआय कोणत्या मशिनवर चालेल ते लिहिलेलं असतं, तुम्हाला दिलं नसेल तर मागून घ्या आणि त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा.